भोंग्याचं तोंड पाण्याकडं

शिवाजी मुराळी गेल्ता, तो रिकामाच माघारी आला.

मुराळी जातो एकटा आन् येतो बहिणीला घेऊन, ही रीत. मालनबाई सांगायची की तिच्या सात पिढ्यांत कोण्या सासऱ्यानं मुराळ्याला नुसता चहा पाजून वाटेला लावलं न्हवतं. ती सात म्हणाली की ऐकणाऱ्यानं तीन धरायच्या, पण त्या तीन तरी खऱ्याच. आन् लेकीचं सासर काय लांब होतं म्हणता? पाझर तलावाच्या ह्या काठाला वाडी, त्या काठाला गाव. बांधावरून निघालेला माणूस चुलीवरचं दूध उतू जायच्या आत पलीकडं पोचावा.

शिवाजीनं बहिणीसाठी नेलेला धपाट्यांचा डबा न उघडता तसाच आईपुढं ठेवला.

"काय म्हणाले इवाई?"

"म्हणाले, मतदानात वाडीचा शिक्का शिडीवर पडंल असा शब्द आण, मंग कौसल्याला ने. न्हाईतर माझी सून माझ्याच घरी बाळंत होईल."

थोरली सून बेबीनंदा चुलीपाशी येसर कालवत होती. तिचा हात थांबला. "बाई गं," ती म्हणाली, "सुना आता डिपाझिट म्हणून ठेवून राह्यले का?"

कौसल्याचं पहिलटकरणीचं पोट. सातवा महिना सरत आल्ता, आन् आठवा लागला की गरवार बाई शिव ओलांडत न्हाई. म्हणजे चार दिसांत लेक आली तर आली, न्हाईतर मालनबाईच्या पहिल्या नातवंडाची नाळ इवायाच्या, तातेरावाच्या परसात पुरली जाणार. शिवाजी निघताना कौसल्या गोठ्याच्या आडून एवढंच बोलली होती, की मायला सांग, मी येणार हाये.

तातेरावाला वाडीचं मत मालनबाईकडंच मागावं लागायचं, त्याला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात ही सगळी माणसं बालाघाटाच्या डोंगरातून, बीड जिल्हा सोडून, ह्या तळ्याच्या कामावर आल्ती. तो दुष्काळ मालनबाईकडूनच ऐकावा. ढेकळं तहानेनं रातभर एकमेकाला हाका मारायची म्हणे, आन् बोरींनी पाण्याच्या आशेनं आपलेच काटे गिळले होते. सरकारी सुकडी खाऊन, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी दातानं तोडून ह्या लोकांनी हा बांध उभा केला. मुरमाची दरड कोसळली तवा अप्पाराव, मालनबाईचा मालक, तिच्याखाली गेला. त्याला जाळला तिथून चार पावलांवर तिनं खोपट घातलं आन् म्हणाली, आता मी कुठं जात न्हाई. तिच्या मागं सगळी टोळी राह्यली. जागा गावच्या गायरानाची. तशी वाडी वसली. तवापासून वाडीत पान हलायचं ते मालनबाईला विचारून, आन् न विचारता हललं तर ती सांगायची की मीच हलवलं.

आता मुंबईत म्हणे एक कायदा शिजून राह्यला होता. दुष्काळात जिल्हा सोडून जे लोक दुसरीकडं गायरानात बसले, त्यांना तिथलंच मानायचं का माघारी धाडायचं, ह्याचा. कायदा कोणी वाचला न्हवता, पण आमदारकीच्या निवडणुकीत सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. शिडीवाले काकासाहेब वाडीत येऊन बोलले, की कायदा आला की तुमची घरं तुमच्या नावावर. दुसऱ्या दिवशी घागरवाले केशवराव बोलले तेच, वर नळाची तोटी. थोरला साहेबराव शिडीचा झेंडा घेऊन फिरू लागला. धाकट्या शिवाजीला केशवरावांनी जालन्याच्या बियाण्याच्या कारखान्यात लावतो म्हणून सांगितलं, त्यानं घागरीचा लावला. एका छपरावर दोन झेंडे. वारा सुटला की दोन्ही झेंडे एकमेकाच्या झिंज्या धरायचे, आन् खाली दोन भाऊ.

"माय, शब्द देऊन टाक," साहेबराव म्हणाला. "काकासाहेब आपलं काम करणारच हायेत. मंग शिडी म्हणायला काय जातंय?"

"तुझ्या काकासाहेबाचं काम परवा सांजच्याला ऐकलं की सगळ्या वाडीनं," शिवाजी म्हणाला.

"आन् तुझ्या केशवरावाचं काल ऐकलं."

आन् दोघांचं बी खरं होतं.

झालं होतं असं. गावात सभा व्हायची ती चावडीपुढं, आन् तिथं उंच झाड एकच, त्या लिंबाची बेचकी तळ्याकडं तोंड करून. पोरं भोंगा त्याच बेचकीत बांधायची. माघाचा गारठा, सांजच्याला वारा पडलेला, पाणी आरशावानी. परवा काकासाहेब गावाला सांगत होते, की निवडून आलो की पहिलं काम, गायरान मोकळं. हे उपरे बीडचे, बीडला जातील. पाण्यावरून शब्द असा साफ येत होता की काकासाहेबांनी मधीच सुपारी चावली ती बी वाडीला ऐकू आली. साहेबराव भाकरी खात होता, त्याचा घास तोंडातच राह्यला. शिवाजी रातभर हसला. काल केशवरावाची सभा झाली. उपरे, बीड, गायरान मोकळं, सगळं तेच, फक्त केशवराव सुपारी खात न्हवते. तवा साहेबरावानं हसायचं ठरवलं होतं, पण त्याला हसू आलं न्हाई.

आन् दोन्ही सभांत टाळ्या पडल्या त्यात तातेराव इवायाचा खोकला मालनबाईनं बराबर ओळखला होता.

साहेबराव आता जमिनीकडं बघत बोलला. "माय, दोघं बी खोटे असतील. पण एकाला तरी धरावं लागंल का न्हाई? कोणालाच न्हाई धरलं तर आपण कोण?"

"तेच तर मी बी विचारून राह्यले," मालनबाई म्हणाली. "सहा वर्षं झाली, आपण कोण? ह्यांच्या शेतात काढणीला आपण, ह्यांच्या लग्नात लाकडं फोडायला आपण, लेक दिली घेतली. आन् भोंगा लागला की उपरे." तिनं डबा उघडला, एक धपाटं मोडून अर्धं थोरल्याच्या हातात, अर्धं धाकट्याच्या हातात दिलं. "खा. आन् उद्या दोघं बी जा. तू तुझ्या साहेबाकडं, तू तुझ्या. दोघांना सांगा, मायनं शब्द द्यायचं ठरवलंय, परवा दिवस मावळताना बांधावर या. इवायाला बी आणा. दुसऱ्याला बोलावलंय हे कोणी कोणाला सांगू नका."

बेबीनंदानं सासूकडं बघितलं. "आत्याबाई, डोक्यात काय शिजतंय?"

"येसर," मालनबाई म्हणाली. "लाग कामाला, पावणे येणार हायेत."

ठरल्या दिवशी ऊन कलायला लागलं तसं मालनबाईनं वाडीच्या सगळ्या बायामाणसांना बांधाच्या आतल्या अंगाला, अगदी पाण्याच्या कडंला बसवलं. दगडाचं पिचिंग होतं, पायऱ्यांवर बसल्यागत सगळे बसले. साहेबराव म्हणाला, पलीकडच्या अंगाला सपाट हाय की. मालनबाई म्हणाली, माझ्या मालकानं हा दगड लावलाय, इथंच बसायचं.

मंग दोन जीपा आल्या. एक गावाकडून, तिच्यात काकासाहेब आन् तातेराव. दुसरी बदनापूरच्या रस्त्यानं वाडीकडून, तिच्यात केशवराव, त्यांचा प्रचाराचा भोंगा आन् बॅटरी. बांधाची रुंदी एका जीपीची. मधोमध दोन्ही नाकाला नाक लावून उभ्या राह्यल्या. मागं कोण घेणार? काकासाहेबाचा डायव्हर म्हणाला आमी सत्तेवरचे, केशवरावाचा म्हणाला आमी येणार हाओत. तातेराव खाली उतरला तो लाल होऊन.

"इहीनबाई, हा काय प्रकार?"

"सोयरे एकाच दारातून येतात, इवाई," मालनबाईनं पदर सावरला. "लेकीच्या बापाघरी भांडू नये. भोंगा लावा, वाडीला दोघांचं ऐकू द्या. ज्याचं मनाला येईल त्याला आज, इथंच, उभ्यानं शब्द देते. मंग तुमी माझी लेक द्या."

शब्द आजच मिळणार हे ऐकून दोन्ही साहेबांचे चेहरे निवळले. पण काकासाहेब मुरलेला गडी. त्यानं पाण्यापलीकडं बघितलं. गावाचे दिवे एकेक लागत होते. "भोंगा कशाला? माणसं तर समोरच बसलीत. आवाज उगी तिकडं जायचा."

आता मालनबाई हसली. पान खाल्लेल्या बाईसारखी, सावकाश.

"तिकडं? साहेब, ह्या तळ्यावरून इकडचा शब्द कधी तिकडं गेला न्हाई. ह्यात एक मरळ मासळी हाय, बैलाच्या जिभेएवढी. ती शब्द खाते. दोन वरसं झाली, आमच्या एका गड्यानं तिची बहीण धरली. चिरली तर पोटातून दोन शिव्या निघाल्या, आन् अर्धी ओवी. ओवी माझीच होती, जात्यावरची. पुढची अर्धी मी तवापासून ईसरले." बायांनी पदर तोंडाला लावले. "पटत न्हाई तर इवायाला विचारा. इवाई, सहा वरसांत वाडीचा आवाज कधी तुमच्या कानी आला?"

तातेरावानं विचार केला. कुत्री कधीमधी. माणसाचा आवाज मात्र कधी आला न्हवता, कारण वाडीला भोंगा कुठून असणार? "न्हाई ब्वा," तो म्हणाला. "कधीच न्हाई."

"तसं बी आमच्या म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं," बेबीनंदानं जोडून दिलं.

मंग भोंगा बांधला. माणसं पाण्याकडंला, म्हणून भोंग्याचं तोंड माणसांकडं, म्हणजेच पाण्याकडं. बांधावरच्या बाभळीला दोरीनं करकचून. वारा पडला होता. पाण्यावर एक सुरकुती न्हवती.

काकासाहेबांनी सुरुवात केली. वाडीची घरं वाडीच्या नावावर. केशवरावांनी माईक घेतला. घरं तर हायेतच, वर घरटी नळ. काकासाहेबांनी माईक ओढला. नळ आन् लाइट. केशवराव म्हणाले, नळ, लाइट आन् जनावराला चरायला उरलेलं गायरान बी वाडीचंच. जालन्याच्या मोंढ्यात भुसाराचा लिलाव चालावा तसं चाललं होतं, फक्त इथं माल गावाचा आन् बोली परक्याची. बाया पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आन् प्रत्येक बोलीला मान डोलवत होत्या. साहेबराव आन् शिवाजी दोघं एका दगडावर बसले होते. कितीतरी दिसांनी त्यांचे खांदे एकमेकाला लागले होते.

मालनबाई उठली. "साहेब लोकांचं ऐकलं. पण साहेब आज इथं, उद्या मुंबईला. गायरान गावाचं हाय, तवा गावाचा शब्द पाहिजे. इवाई, तुमी बोला."

तातेराव चाचरला. काकासाहेबानं त्याला कोपरानं ढोसलं. इतकी बोली झाल्यावर आता मागं कसं सरायचं?

त्यानं माईक तोंडाला लावला, आन् माईक तोंडाला लागला की माणूस मोठा होतो, तसा तो झाला. "मी तातेराव बोलतोय," तो म्हणाला. "गावाच्या वतीनं. हे गायरान आजपासून वाडीचं. ही माणसं आपलीच हायेत. ह्यांना जो उपरे म्हणंल त्याची जीभ मी हासडीन." त्याला स्वतःचंच बोलणं आवडलं असावं, कारण तो पुढं म्हणाला, "ज्या मातीत माझी सून जन्मली, ती माती..." आन् तिथं अडकला, कारण कौसल्या बीडात जन्मलेली होती.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. भोंग्याशिवायचा, पण बाईचा आन् खणखणीत. तातेरावाची बायको होती ती. तिनं पाण्यापलीकडून, साऱ्या गावादेखत, नवऱ्याला विचारलं की हे गायरान काय त्याच्या बापानं आणून ठेवलंय का.

तातेराव माईककडं बघत राह्यला, विंचवाकडं बघावं तसा.

तिच्या मागं आणखी आवाज. मंग कंदील. चावडीपुढून कंदिलांची एक वळवळती रांग बांधाच्या टोकाला आली. काकासाहेबांनी डायव्हरला गाडी मागं घे म्हणून सांगितलं. मागं गाव येत होतं. केशवरावानं बी सांगितलं, मागं वाडीची माणसं येऊन उभी राह्यली होती. दोन्ही जीपा नाकाला नाक लावून तशाच.

काकासाहेब मालनबाईवर सरकले. "म्हातारे, फसवलंस."

"मी कशाला फसवू? तुमीच बोलला. गावात एक बोलला, इथं एक. दोन्ही आमी ऐकलं. आज गावानं बी दोन्ही ऐकलं. आता सगळे बराबर झाले."

"ते जाऊ द्या," केशवराव घाईनं म्हणाले. "तुमचा शब्द कोणाला?"

"दोघांना." मालनबाईनं आवाज चढवला न्हाई, पण भोंगा चालूच होता, आन् तिचं बोलणं बाभळीवरून पाण्यावर, पाण्यावरून गावावर गेलं. "तुमी दोघं सारखं बोलला, मंग आमी दुजाभाव कशाला करावा? वाडीतली सगळी जाणार. चालत जाणार, कोणाच्या जीपीत बसणार न्हाई. आन् एक शिक्का शिडीवर, एक घागरीवर. एकाच कागदावर."

"मत बाद होईल, खुळे."

"आमी बी बादच होतो ना साहेब, तुमच्या लेखी. बाद माणसाचं बाद मत. पण पेटीतून काढून हातात घ्यावं लागंल कोणाला तरी. बघावं लागंल."

साहेबराव उठला. आईचं हे ऐकायला त्याला जड गेलं असणार, झेंडा तर त्यानंच छपरावर बांधला होता. तो काकासाहेबापुढं येऊन उभा राह्यला, हात जोडले आन् म्हणाला, "साहेब, छपरावरचा झेंडा उद्या धुऊन आणून देतो. बाळंतिणीच्या घरात मळका कपडा नको."

"दुसरा मी आणतो," मागून शिवाजी बोलला.

गावची माणसं आता जीपीपाशी पोचली होती. तातेरावाला चार जणांनी घेरलं होतं, आन् तो सगळ्यांना सांगून राह्यला होता की मी नुसता बोललो, बोलायला काय लागतं. त्या गर्दीतून कोणी तरी बाजूला सरलं, मंग आणखी कोणी, आन् कंदिलाच्या उजेडात कौसल्या पुढं आली. पोटावर एक हात. मागं तिचा नवरा रामकिसन, डोक्यावर पत्र्याची पेटी, नजर बापाकडं न्हाई, पायाखाली. त्याच्या मागं तिची सासू.

"कुठं निघालीस?" तातेराव म्हणाला.

"माहेराला." कौसल्या दमली होती, पण थांबली न्हाई. "मामंजी, तुमीच आता सांगितलं ना, गावाच्या वतीनं, की ती माणसं आपलीच हायेत. आपल्याच माणसांत जायला परवानगी कशाला?"

"मुराळ्याबिगर? लोक काय म्हणतील?"

"मुराळी आल्ता," ती म्हणाली. "तुमी त्याला चहा पाजला."

तातेरावाच्या बायकोनं सुनेच्या पाठीला हात लावून तिला पुढं सरकवलं आन् नवऱ्याकडं वळून सांगितलं, की जा आता, जीभ हासडायची म्हणत होतास ना, कोणाची ते घरी जाऊन ठरवू.

कौसल्याला जीपीच्या कडंनं जाता येईना, पोट मोठं. तवा शिवाजी आन् साहेबरावानं तिला दोन्ही बाजूंनी धरलं आन् काकासाहेबाच्या जीपीच्या मागच्या दारातून आत, पुढच्या दारातून बाहेर काढली. वाडीतल्या माणसांपैकी निवडणुकीच्या जीपीत पाय टाकणारी ती एकलीच, आन् ती बी तिला पायरी करून उतरली. मालनबाईनं लेकीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून पाण्यात टाकला. मरळीला, ती म्हणाली.

मतदानाच्या दिवशी वाडी चालत गेली आन् चालत आली. त्या पेटीतली मतं मोजणाऱ्या कारकुनानं चश्मा पुसून पुसून झिजवला, असं मालनबाई पुढं सांगायची. तिथं ती न्हवती, तवा खरंखोटं तिचं तिला ठाऊक. कोण निवडून आलं ते कळायच्या आधी बेबीनंदानं दोन्ही झेंड्यांच्या चिंध्या मागून घेतल्या आन् दुपटी शिवली. साहेबरावानं धुऊन परत नेलेला झेंडा काकासाहेबाच्या माणसानं घेतला न्हवता. शिवाजीचा बी तसाच परत आला. कायद्याचं काय झालं ते कोणी सांगायला आलं न्हाई. वाडीनं दगडाचे पाये घालायला घेतले. नाव लागंल तवा लागंल.

भोंगा मात्र त्या गडबडीत बाभळीलाच राह्यला होता. बॅटरी जीपीबरोबर गेली, नुसतं पत्र्याचं तोंड उरलं. ते काढायला कोणी आलं न्हाई, आन् मालनबाईनं काढू दिलं न्हाई.

एका पहाटे, तांबडं फुटताना, वारा पडलेला, ती बाभळीपाशी आली. हात अजून ओले होते. मागं बेबीनंदा, खुरपं हातात, खुरप्याला ताजी माती. मालनबाईनं दोरी सोडून भोंगा खाली घेतला, त्याचं तोंड पाण्याकडं केलं, बारीक टोकाला आपलं तोंड लावलं आन् इवायाला हाक मारली. एकदा. पुन्हा एकदा.

मंग पलीकडून खोकला आला. तो तिनं बराबर ओळखला. तातेराव काठावर येऊन उभा होता, अंगावर घोंगडी.

"इहीनबाई," त्याचा आवाज पाण्यावरून आला, झोपेतला, घाबरलेला. "पोरगा का पोरगी?"

मालनबाईनं छाती भरून श्वास घेतला.

"मतदार झाली, इवाई," ती ओरडली. "गायरानातली. नाळ पुरली."